सळई, काँक्रीट आणि फुटबॉलचा बेंच

फुटबॉल म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच वाद होतात. एक, मेस्सी भारी की रोनाल्डो. दुसरा, कॉमन रूमच्या टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात. फार तर साईडलाईनवर हातवारे करणाऱ्या मॅनेजरपर्यंत आपली चर्चा जाते. पण त्याच्या मागे बेंचवर ट्रॅकसूट घालून पाच-सहा माणसं बसलेली असतात. कुणाच्या मांडीवर वही, कुणाच्या हातात टॅब, एकाच्या पायाशी औषधांची बॅग. ही माणसं कोण, त्यांना कुणी आणि काय बघून निवडलं, त्यांचं एकमेकांशी पटतं कसं, हे सहसा कुणी विचारत नाही. हा लेख त्या बेंचबद्दल आहे.

लिहायला कारणही तसंच घडलं. कॉलेजच्या टीमचा सगळा भार एकट्या क्रीडाशिक्षकांवर न टाकता चार-पाच जणांचा स्टाफ करावा, असा विषय सध्या जिमखान्यात चालू आहे. विषय चांगलाच आहे. पण लगेच नावं निघायला लागली, आणि प्रत्येक नावापुढे कारण एकच : "त्याचं सगळ्यांशी जमतं." हा निकष वाईट नाही, पण अपुरा आहे. ज्यांचं सगळ्याच बाबतीत एकमेकांशी जमतं अशी पाच माणसं बसवली, तर आपल्याला पाच माणसं मिळत नाहीत. एकच माणूस पाच वेळा मिळतो.

मग वेगळ्या स्वभावाची माणसं घ्यायची, तर ती भांडणार नाहीत का? भांडतीलच. म्हणून आधी थोडं आपल्या अभ्यासातलं बघू.

काँक्रीटचं गुपित

सिव्हिलवाल्यांना पाठ असेल, इतरांसाठी सांगतो. काँक्रीट दाब सहन करण्यात पैलवान आहे, पण ताणात एकदम कच्चं. ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहावा भाग. सळई म्हणजे पोलाद, ते ताण मस्त घेतं. म्हणून बीममध्ये जिथे ताण येतो तिथे सळई टाकतात आणि दोघं मिळून स्लॅब तोलतात. एवढं तर फर्स्ट इयरचा मुलगाही सांगेल.

खरी मजा पुढे आहे. असे एकमेकांच्या उलट गुणाचे पदार्थ जगात पुष्कळ आहेत. मग हीच जोडी का टिकली? एक कारण म्हणजे उष्णतेने दोन्ही जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, तापमान एक अंश वाढलं की दहा लाख भागांमागे साधारण १० ते १२ भाग. उन्हात एक जास्त फुगला आणि दुसरा कमी, असं झालं असतं तर स्लॅब आतून सुटला असता. दुसरं कारण, पकड. सळईवर त्या आडव्या-तिरप्या रेघा उगाच नसतात, काँक्रीटला धरून ठेवायला असतात.

म्हणजे चांगल्या जोडीच्या अटी तीन. ताकद वेगळी हवी. गरम झाल्यावर वागणं सारखं हवं. आणि मध्ये पकड हवी. कोचिंग स्टाफचं गणित याहून फार वेगळं नाही. आता उदाहरणं पाहू, सगळी खरी आहेत.

क्लफ बोलायचा, टेलर बघायचा

ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर. इंग्लंडमधल्या मिडल्सबरो क्लबात १९५० च्या दशकात दोघं एकत्र खेळले. टेलर गोलकीपर, क्लफपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. क्लफ स्ट्रायकर. लीगच्या २७४ सामन्यांत त्याचे २५१ गोल आहेत, यावरून कल्पना करा. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी गोलकीपरशी टक्कर होऊन त्याचा गुडघा गेला, आणि तिशीच्या आतच कारकीर्द संपल्यात जमा झाली. १९६५ मध्ये हार्टलपूल्स या अगदी तळाच्या क्लबाने त्याला मॅनेजर केलं. त्याने पहिलं काम काय केलं, तर टेलरला बोलावून घेतलं.

दोघांचा स्वभाव म्हणजे उत्तर-दक्षिण. क्लफ तोंडाळ, धाडसी, पत्रकारांचा लाडका. खेळाडूला एका वाक्यात आकाशात नेणार आणि दुसऱ्या वाक्यात जमिनीवर आणणार. टेलर मागे राहणारा, विनोदी, आणि माणसं हेरण्यात वस्ताद. कुठल्या मैदानावर कुठला पोरगा दडलाय, हे शोधायला तो गावोगाव हिंडायचा. १९६७ मध्ये दोघं डर्बी काउंटीला गेले. ट्रॅनमिअर या छोट्या क्लबातला रॉय मॅकफार्लंड हा पोरगा टेलरला पसंत पडला. दोघं रात्री त्याच्या घरी धडकले, पोराला झोपेतून उठवलं, आणि क्लफने सही होईपर्यंत त्याला सोडलं नाही. एकाने निवडायचं, दुसऱ्याने पटवायचं. डर्बी तेव्हा सेकंड डिव्हिजनला होती. १९७२ मध्ये ती इंग्लंडची विजेती झाली.

पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला तर कमाल झाली. बर्मिंगहॅमला फॉरवर्ड खेळणारा केनी बर्न्स हा भांडकुदळ म्हणून बदनाम होता. क्लफ त्याला घ्यायला तयार नव्हता. टेलरने माणसाची चौकशी केली, त्याच्या मागावर कुत्र्यांच्या शर्यतीपर्यंत गेला, आणि म्हणाला, घ्यायचा. बर्न्सला बचावात खेळवलं. १९७८ मध्ये फॉरेस्ट लीग जिंकली आणि फुटबॉल पत्रकारांनी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याच बर्न्सला निवडलं. १९७९ आणि १९८०, लागोपाठ दोन वर्षं, फॉरेस्टने युरोपियन कप जिंकला. १९७७ मध्ये हा संघ सेकंड डिव्हिजनमधून जेमतेम वर आला होता!

आता उलटी बाजू. १९७४ मध्ये क्लफ लीड्स युनायटेडला गेला, पण टेलर ब्रायटनलाच थांबला. लीड्स त्या वेळी इंग्लंडची चॅम्पियन टीम. क्लफ तिथे टिकला ४४ दिवस. लीगमधला फक्त एक सामना जिंकला. याला कारणं बरीच होती, कारण त्याच खेळाडूंवर तो वर्षानुवर्षं जाहीर टीका करत आला होता. पण अशा वेळी "अरे, आज जरा गप्प बस" असं तोंडावर सांगू शकणारा एकमेव माणूस शेकडो मैल लांब होता. आणि टेलरचं काय? एकट्याने त्याने ब्रायटन सांभाळला, पण क्लबला वरच्या डिव्हिजनमध्ये नेणं त्याला जमलं नाही. म्हणजे एकटी सळई आणि एकटं काँक्रीट, दोन्हींचा प्रयोग इतिहासाने करून ठेवलाय.

या जोडीचा शेवट मात्र वाईट झाला. श्रेय कुणाचं किती, पैसा कुणाला किती, ही कुरबुर आत साचत होती. १९८० मध्ये टेलरने दोघांवर पुस्तक लिहिलं, ते क्लफला आवडलं नाही. १९८२ मध्ये टेलर निवृत्त झाला, आणि काही महिन्यांतच डर्बीचा मॅनेजर म्हणून परत आला. १९८३ मध्ये त्याने फॉरेस्टचा विंगर जॉन रॉबर्टसन क्लफला न सांगता डर्बीकडे नेला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. १९९० मध्ये टेलर वारला, अबोला तसाच राहिला. क्लफ अंत्यसंस्काराला गेला, आणि पुढे स्वतःचं आत्मचरित्र त्याने टेलरलाच अर्पण केलं. पण ते वाचायला टेलर नव्हता.

सिव्हिलवाले लगेच ओळखतील, हा गंज आहे. सळई आतून गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. भेग दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. श्रेयाचं वाटप हा स्टाफमधला गंज आहे. त्यावर उपाय एकच : वेळेवर, तोंडावर आणि चारचौघांत श्रेय द्या.

बूट टांगायची खोली

दुसरं उदाहरण लिव्हरपूलचं. डिसेंबर १९५९ मध्ये बिल शँकली तिथे मॅनेजर म्हणून आला तेव्हा क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये अडकला होता. नवा माणूस आला की जुन्यांना घरी पाठवतो, ही तेव्हाचीही रीत होती आणि आजचीही आहे. शँकलीने तसं केलं नाही. बॉब पेस्ली, जो फॅगन, रुबेन बेनेट हे आधीचे तिघे त्याने ठेवले. अट एकच घातली : निष्ठा. पाठीमागे कुजबुज नको.

आता माणसं बघा. शँकली म्हणजे ज्वालामुखी. बोलायला लागला की अख्खं शहर ऐकायचं. दुखापत झालेला खेळाडू मात्र त्याच्या खिजगणतीत नसायचा. पेस्ली याच्या अगदी उलट. चारचौघांत बोलायला अवघडणारा, पण खेळाडू कसा चालतोय एवढं बघून कुठला स्नायू दुखावलाय ते सांगणारा. फॅगन सगळ्यांचा मोठा भाऊ, ड्रेसिंग रूममधली धुसफूस पहिली त्याला कळायची. बेनेट कडक स्कॉटिश, फिटनेसचा कर्दनकाळ. नंतर रॉनी मोरन आला, त्याचा आवाज मैदानाच्या पलीकडे जायचा. जिंकल्यावरही तो शिव्या घालायचा, म्हणजे कुणाच्या डोक्यात हवा जायला नको. टॉम सॉन्डर्स पूर्वीचे हेडमास्तर, ते ज्युनियर मुलं सांभाळायचे आणि युरोपात जाऊन पुढचा प्रतिस्पर्धी पाहून यायचे.

ही सगळी मंडळी बसायची कुठे, तर बूट ठेवायच्या खोलीत. भिंतीला बूट टांगलेले, बसायला उलटे क्रेट. ना मीटिंगचा अजेंडा, ना मिनिट्स. सामना झाल्यावर प्रतिस्पर्धी संघाच्या कोचलाही तिथे प्यायला बोलवायचे, गोड बोलायचे आणि त्याच्याकडून त्यांच्या खेळाडूंची सगळी माहिती काढून घ्यायचे. पण गप्पांच्या जागी नोंदीसुद्धा होत्या. रोज कोणता सराव झाला, हवा कशी होती, कुणाला काय दुखलं, हे सगळं वह्यांत लिहिलेलं असायचं. एखाद्या वर्षी दुखापती वाढल्या तर जुनी वही काढून बघायची की तेव्हा आपण काय वेगळं केलं होतं. आपण जर्नल कॉपी करतो, ते लोक जर्नल वापरायचे!

या खोलीचा खरा फायदा दिसला तो जुलै १९७४ मध्ये. शँकलीने अचानक राजीनामा दिला. क्लबने बाहेर शोधाशोध केली नाही. पेस्लीला खुर्चीवर बसवलं, त्याची स्वतःची फारशी इच्छा नसताना. शँकलीसारखं भाषण त्याला कधीच जमलं नाही. पण नऊ वर्षांत त्याने सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. त्याच्यानंतर फॅगन आला आणि पहिल्याच मोसमात, १९८३-८४ ला, लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तीन कप घेऊन गेला. माणूस बदलला, खोली तीच राहिली. आणि पुढची सोयही आधीच करून ठेवलेली होती. १९७४ मध्येच रॉय एव्हन्स या पंचविशीतल्या खेळाडूला रिझर्व्ह संघाचा कोच केलं गेलं. वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, तो मुख्य संघाचा मॅनेजर झाला.

इथे पकड कुठली होती? एक खोली, एक वही, आणि बाहेर कुजबुज न करण्याचा शब्द. बस्स.

कुणाला ठेवायचं, कुणाला बदलायचं

मँचेस्टर युनायटेडचा अ‍ॅलेक्स फर्ग्युसन २६ वर्षांहून अधिक काळ मॅनेजर होता, नोव्हेंबर १९८६ ते २०१३. तेरा लीग जिंकला. पण त्याचा असिस्टंट कायम एकच नव्हता. आर्ची नॉक्स, ब्रायन किड, स्टीव्ह मॅक्लारेन, कार्लोस केरोझ, माईक फेलन असे ते बदलत गेले. त्यात एक क्रम दिसतो. सुरुवातीला क्लबची शिस्त बसवायची होती, तेव्हा कडक नॉक्स. नंतर तरुण पोरं वर आणायची होती, तेव्हा त्या पोरांना लहानपणापासून ओळखणारा किड. १९९९ मध्ये नव्या पद्धतीचा अभ्यासू मॅक्लारेन. पुढे युरोपातल्या डावपेचांसाठी मोझांबिकमध्ये जन्मलेला पोर्तुगीज केरोझ. म्हणजे गरज बदलली की पूरक माणूसही बदलला.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्याआधीची, अ‍ॅबरडीनच्या दिवसांतली. फर्ग्युसन तेव्हा सगळा सराव स्वतः घ्यायचा. नॉक्सने त्याला सुनावलं, की मग मला कशाला ठेवलंय? तू बाजूला उभा राहून बघ, सराव मी घेतो. फर्ग्युसनला आधी राग आला, पण त्याने ऐकलं. बाजूला उभं राहिल्यावर त्याला दिसायला लागलं, की कोण थकलाय, कुणाचं घरी काही बिनसलंय, कोण आज चोरून पळतोय. शिट्टी तोंडात असताना हे दिसत नव्हतं. असिस्टंटने साहेबाचं काम काढून घेतलं आणि त्यामुळे साहेब मोठा झाला, हे लक्षात घ्या. "हो सर" म्हणणाऱ्या माणसाकडून हे झालं नसतं.

२००१ मध्ये मॅक्लारेन सोडून गेला. त्याच्या तोडीचा नवा माणूस त्या मोसमात बाहेरून आणला नाही. युनायटेड लीगमध्ये तिसरी आली आणि कुठलाच कप मिळाला नाही. नुसत्या असिस्टंटमुळे असं झालं म्हणणं बरोबर होणार नाही, पण पुढच्याच उन्हाळ्यात फर्ग्युसनने केरोझला आणलं आणि २००३ मध्ये लीग परत आली.

आणि २०१३ ला काय झालं? डेव्हिड मॉयस नवा मॅनेजर म्हणून आला. फेलन, रेने म्युलेनस्टीन, गोलकीपर कोच एरिक स्टील हे जुने लोक गेले, आणि एव्हर्टनमधली त्याची स्वतःची माणसं आली. ती माणसं कामात कच्ची नव्हती. पण ती मॉयसला ओळखत होती, क्लबला नाही. आदल्या वर्षीचा विजेता संघ सातवा आला आणि मोसम संपायच्या आत मॉयस गेला. संघ म्हातारा झाला होता वगैरे कारणंही खरीच आहेत. तरी शँकलीच्या शेजारी हे उदाहरण ठेवून पाहा. एकाने अनोळखी माणसं ठेवून घेतली, दुसऱ्याने ओळखीची माणसं सोबत आणली.

मोठा कोच, छोटा कागद

जर्मनीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या लोकांना जास्त जवळची वाटेल.

२००४ मध्ये युर्गन क्लिन्समन राष्ट्रीय संघाचा कोच झाला. आधी कोचिंगचा अनुभव शून्य. पण त्याला स्वतःला काय येत नाही ते नेमकं ठाऊक होतं. कोचिंगच्या कोर्सला असताना योआखिम लोव्ह नावाच्या माणसाने बचावाच्या चौघांचं काम इतकं सोपं करून सांगितलं होतं, की तो त्याच्या लक्षात राहिला. त्यालाच असिस्टंट केलं. क्लिन्समनने जोश भरायचा, लोव्हने फळ्यावर आकृत्या काढायच्या. शिवाय अमेरिकेतून फिटनेस ट्रेनर आणले, मानसशास्त्रज्ञ आणला, स्विस स्काउट आणला. रबर बँड पायाला बांधून चालणाऱ्या खेळाडूंची पेपरवाल्यांनी टिंगल केली. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये तोच संघ तिसरा आला.

त्याच स्पर्धेत अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी शूटआउटला गोलकीपर येन्स लेमनच्या मोज्यात एक चिठ्ठी होती. अर्जेंटिनाचा कुठला खेळाडू कुठे मारतो, हे हॉटेलच्या कागदावर पेन्सिलने लिहिलेलं. लेमनने दोन पेनल्टी अडवल्या. मजा म्हणजे शेवटचा कँबियासो त्या यादीत नव्हताच! पण लेमन शांतपणे चिठ्ठी वाचतोय हे बघून समोरच्याचं काय झालं असेल ते व्हायवाला बसलेल्या कुणालाही कळेल.

पुढे लोव्ह मुख्य कोच झाला आणि हान्सी फ्लिक त्याचा असिस्टंट. लोव्हला वाहता खेळ आवडायचा, कॉर्नर आणि फ्री किकच्या सरावात त्याला फारसा रस नव्हता. फ्लिकने २०१४ च्या वर्ल्ड कपआधी हट्ट धरला आणि तो सराव करून घेतला. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध जर्मनी १-० ने जिंकली. तो एक गोल फ्री किकवर हुमेल्सने डोक्याने मारलेला होता. पुढे कपही जिंकला. प्रतिस्पर्ध्यांची माहिती गोळा करण्यात कोलोनच्या क्रीडा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा गट होता, हेही लिहून ठेवतो. विद्यार्थी. आपल्यासारखेच, फक्त त्यांचं सबमिशन वर्ल्ड कपला झालं.

मेंदू गेला तरी

शेवटचं उदाहरण युर्गन क्लॉपचं. त्याची मिठी आणि हसू सगळ्यांना माहीत आहे. पण माइन्झपासून त्याच्याबरोबर असलेला झेल्को बुवाच सहसा मुलाखतसुद्धा देत नसे. क्लॉप त्याला संघाचा मेंदू म्हणायचा, आणि व्हिडिओ बघणाऱ्या पीटर क्राविएट्झला डोळे. तिघं मिळून डॉर्टमुंडला दोनदा लीग जिंकले, आणि २०१५ मध्ये लिव्हरपूलला आले. तिथला जुना गोलकीपर कोच जॉन आख्टरबर्ग क्लॉपने काढला नाही, ठेवला.

एप्रिल २०१८ मध्ये, चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलच्या तोंडावर, बुवाच अचानक निघून गेला. सतरा वर्षांची जोडी. लोकांना वाटलं, संपलं. क्लॉपने दुसरा बुवाच शोधला नाही. पेप लाइंडर्स हा उत्साही, बडबड्या डच माणूस परत बोलावला, सराव त्याच्याकडे दिला, क्राविएट्झला तसंच ठेवलं. त्याच वर्षी थॉमस ग्रोनेमार्क हा डॅनिश माणूस नुसत्या थ्रो-इनसाठी नेमला, त्यावरही लोक हसले. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग. गेलेल्या माणसाची झेरॉक्स काढायची नसते, कामाची पुन्हा वाटणी करायची असते, हा यातला धडा.

मग नियम काय?

परीक्षेला लिहितो तसे पॉइंट काढतो.

१) आधी कामं लिहा, मग नावं. सराव कोण घेणार, समोरच्या संघाची माहिती कोण काढणार, गोलकीपरला कोण तयार करणार, दुखापत आणि फिटनेस कोण बघणार, आणि खेळाडू मन मोकळं करायला कुणाकडे जाणार. शेवटचं काम सगळेच विसरतात.

२) मुख्य कोचने स्वतःच्या कमतरतेची यादी करावी. असिस्टंट त्या यादीतून निवडावा, मित्रांच्या यादीतून नाही.

३) स्वभाव वेगळा चालेल, मूल्यं वेगळी चालणार नाहीत. कडक आणि प्रेमळ एकत्र काम करू शकतात. पण एकाला सरावाला वेळेवर येणं महत्त्वाचं वाटतं आणि दुसरा म्हणतो "चलता है", तर पहिल्याच हरलेल्या सामन्यानंतर भेग पडणार. गरम झाल्यावर सारखं प्रसरण, आठवतंय ना?

४) वाद खोलीत, निर्णय एकाचा, बाहेर आवाज एक. खेळाडूंना दोन कोचची दोन मतं कळली, की ते आपल्या सोयीचं मत निवडतात. आई नाही म्हणाली की आपण बाबांकडे जायचो, तसंच.

५) "नाही" म्हणणारा एक तरी हवा, पण तो तोंडावर म्हणणारा हवा. पाठीमागे म्हणणारे फुकट मिळतात.

६) वही ठेवा. माणूस पास होऊन जातो, वही राहते.

७) ज्युनियरला आत्ताच आत घ्या.

आपल्या मैदानावर

आता कुणी म्हणेल, की त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे गोलपोस्टची जाळी पण फाटलेली. बरोबर. पण बूट रूमला पैसा लागला नव्हता, उलटे क्रेट लागले होते. ते मेसच्या मागे ढीगभर पडलेत.

आपली खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे दर चार वर्षांनी अख्खा संघ आणि त्यातली सगळी समज पास होऊन निघून जाते. प्रत्येक बॅच शून्यापासून सुरू करते. झोनलला गेल्या वेळी आपल्याला कुणी कसं हरवलं, हे आज लिहिलेलं कुठेही सापडणार नाही. म्हणून आपल्याला लिव्हरपूलपेक्षाही बूट रूमची गरज जास्त आहे.

माणसं शोधायलाही लांब जायला नको. क्रीडाशिक्षक सर शिस्तीचे आहेतच, शेवटचा शब्द त्यांचा. टीममध्ये जागा न मिळालेला पण प्रत्येक मॅच बघून तास-तास बोलणारा एक मुलगा प्रत्येक विंगमध्ये असतो, त्याला समोरच्या संघाची माहिती काढायचं काम द्या. टेलरही शेवटी मैदानाबाहेरच मोठा झाला. गुडघा दुखावल्यामुळे खेळणं सुटलेला सिनियर असतो, त्याला फिटनेस द्या, दुखणं काय असतं ते त्याला माहीत आहे. मोजमापाची आवड असलेले कॉम्प्युटरवाले आहेत. मुलींच्या टीमच्या कॅप्टनलाही बेंचवर घ्या, त्यांचा सराव आपल्यापेक्षा नियमित असतो हे पाच वाजता मैदानावर येणाऱ्या कुणालाही दिसतं. आणि एक फर्स्ट इयरचा, ज्याने फक्त ऐकायचं आणि वही लिहायची. तीन वर्षांनी तोच सगळ्यांना सांगेल.

यातले दोघं एकमेकांचं तोंड बघत नसतील. हरकत नाही. फक्त निवड करताना प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा. तुझ्या मताविरुद्ध निर्णय झाला, तर मैदानावर तू तो स्वतःचा म्हणून राबवशील का? आणि टीम जिंकली तर पहिलं नाव दुसऱ्याचं घेशील का? दोन्हीला "हो" आलं की त्याला घ्या, मग तो तुमच्या ग्रुपमधला असो वा नसो.

जिमखान्याची पुढची बैठक होईल तेव्हा नावांच्या आधी ही कामांची यादी फळ्यावर लिहावी, एवढीच विनंती. वहीचा खर्च माझा. दोनशे पानी, पुठ्ठ्याची.

— तृतीय वर्ष, स्थापत्य